आगुतीचा चिंचोका

दुसराही पेरा जळाला त्या वर्षी पाणथळीचं पाणी लव्हाळ्यांच्या पार पलीकडे सरकलं. गावातली बोअर त्याआधीच कोरडी पडली होती. दांडा मारला की आतून नुसती घरघर यायची, म्हाताऱ्याच्या छातीतून येते तशी. बाया पाणथळीच्या चिखलात खड्डे खणत, झिरपून येणाऱ्या गढूळ पाण्याची वाट बघत बसत आणि भोपळ्याच्या वाटीनं ते कॅनमध्ये भरत.

आमोदिंग आपल्या मधल्या मुलीला, आगुतीला, घेऊन पहाटेच तिथं जायची. धाकटा आगुतीच्या पाठीला बांधलेला असायचा. रांगेत कॅन ठेवायचे, आपली पाळी आली की पुढची बाई हाक मारायची. आगुतीला हाक ऐकू यायची नाही. तीन वर्षांची असताना ताप मेंदूत गेला होता. जीव राहिला, कान गेले. आमोदिंग लव्हाळे कापायला जरा बाजूला गेली की बाया आगुतीचा कॅन पायानं मागं सरकवायच्या. परत आल्यावर आमोदिंगला दिसायचं, सकाळी आपल्यामागं असलेली बाई भरलेला कॅन डोक्यावर घेऊन निघाली आहे.

"पोरगी उभी होती ना इथं?" ती विचारायची.

"हाक मारली की. ती तुझ्यासारखीच, बघत राहिली नुसती."

बाकीच्या हसायच्या. आगुतीही हसायची, सगळ्या हसत आहेत म्हणून. आमोदिंग वाटी उचलून चिखलात वाकायची.

घरी एग्वाऊ, तिचा नवरा, एकाच बैलाकडे बघत बसलेला असायचा. जोडीतला दुसरा बैल उन्हाळ्यात बसला तो उठलाच नाही. "पाऊस आला तरी काय," तो म्हणायचा, "दुसऱ्या बाजूला मलाच जुंपा आता. चारा तरी कमी लागेल." अंगणात कुणाला बोलवायचं झालं तर तो हाक मारायचा, आगुतीला बोलवायचं झालं की मातीचं ढेकूळ उचलून तिच्या पायाशी भिरकावायचा. लागेल असं नाही, पण कधीकधी लागायचं.

मुलांची जेवणं एकवेळची झाली होती. नाचणी संपली होती. शेतातला कसावा अजून बोटाएवढा होता, तरी तो उपटायची वेळ आली. एके सकाळी एग्वाऊ म्हणाला, "मधलीला शाळेतून घेऊन ये. खणायला हात हवेत. तिला तिथं काय कळतंय? भिंतीला शिकवल्यासारखं."

आमोदिंग गेली. शाळेच्या खोलीत पत्र्याखाली जीव उकडून निघत होता, म्हणून एदेकु मास्तरांनी वर्ग आंब्याखाली बसवला होता. मास्तर तरुण, न्गोराकडचे, वर्षापूर्वी आलेले. त्यांच्या वर्गात मत टाकायचा खेळ चालतो एवढं तिनं थोरल्या मुलीकडून, आसेकेन्येकडून, ऐकलं होतं. वर्ग संपला की पोरीला न्यावं म्हणून ती खोडाआड थांबली.

मास्तरांनी तीन मडकी समोर मांडली होती. तोंडावर फडकं, फडक्याला हात जाईल एवढी चीर. प्रत्येक मडक्यावर कोळशानं चित्र काढलेलं: एकावर जमीन, एकावर सूर्य, एकावर चोराचा हात.

"काल परातीत पाणी ठेवलं होतं," मास्तर हातवारे करत, रिकामी परात दाखवत म्हणाले. "आज नाही. कोण प्यालं? जमीन, सूर्य, का रात्री कुणी पळवलं? बोलायचं नाही. डोळे मिटा."

मग ते मडकी घेऊन एकेका मुलापुढं जाऊ लागले. मुलगा डोळे उघडायचा, मुठीतला चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकायचा, पुन्हा डोळे मिटायचा. पाय वाळलेला एक मुलगा गोणपाटावर बसला होता, त्याच्यापुढंही मडकी गेली. आगुतीपुढं मास्तर गुडघ्यावर बसले, तिच्या खांद्याला बोट लावलं. आगुतीनं तिन्ही चित्रं नीट पाहिली. परातीत बोट फिरवून पाहिलं. मग तिचा हात सूर्याच्या मडक्यात गेला.

चिंचोके मोजले तेव्हा चोराच्या मडक्यात ढीग निघाला. त्या वर्षी सगळ्यांच्याच घरून काही ना काही चोरीला जात होतं. सूर्याच्या मडक्यात मोजके चारपाच.

"आता शेजाऱ्याला पटवा," मास्तर म्हणाले. "मग पुन्हा टाकायचं."

आंब्याखाली कलकलाट झाला. आगुतीनं मात्र पिण्याच्या मडक्यातल्या पाण्यात हात बुडवला, शेजारच्या मुलीच्या मनगटावर ओलं बोट ओढलं आणि तिचा हात सावलीतून उन्हात धरला. ओली रेघ दोघींच्या डोळ्यांदेखत आटली. मुलीनं तोंडाचा आ केला. तिनं पुढच्याला दाखवलं, त्यानं आणखी पुढच्याला. दुसऱ्या वेळी सूर्याचं मडकं जड झालं. मास्तरांनी ते उचलून आगुतीपुढं ठेवलं आणि टाळी न वाजवता दोन्ही हात हवेत हलवले. सगळ्या वर्गानं तसेच हात हलवले, पानं हलतात तसे.

आमोदिंगनं आपल्या पोरीचा तसला चेहरा कधी पाहिला नव्हता.

मास्तर तिला बघून जवळ आले. "आसेकेन्येच्या तोतो ना तुम्ही?" तोतो म्हणजे आई, तिकडं बाईला थोरल्या लेकराच्या नावानंच ओळखतात. "आधी मी तीन झाडांकडं पळायला लावायचो यांना. ज्याला जे उत्तर वाटेल त्या झाडाकडं. तो गोणपाटावरचा कायम जागच्या जागी. आणि तुमची आगुती, जिकडं जास्त पोरं पळतील तिकडं पळायची. मला वाटायचं, हिला काही कळत नाही. मडकी केली तेव्हा समजलं, तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं."

"मास्तर, मी तिला न्यायला आले होते," आमोदिंग म्हणाली. "कसावा खणायचाय."

"आजच?"

तिनं आगुतीकडं पाहिलं. ती मडक्यातले चिंचोके ओंजळीत घेऊन बाकीच्यांना परत वाटत होती. "आज राहू दे," आमोदिंग म्हणाली आणि एकटीच शेतावर गेली. त्या दिवशी कसावा कमी निघाला म्हणून एग्वाऊनं तिला दोन शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले.

पण बोटाएवढा कसावा किती दिवस पुरणार? धाकट्याची मान भोपळ्याच्या वेलासारखी लुळी पडायला लागली. आमोदिंगचं दूध आटलं होतं. तो रडायचाही हळू, मांजरासारखा.

तेव्हाच एग्वाऊची बहीण आकितेंग आली. तिच्या नवऱ्याचं सोरोती शहरात दुकान होतं. ती कसाव्याचं पीठ आणि वाळवलेली मासळी घेऊन आली. सगळ्यांनी जेवून घेतल्यावर तिनं विषय काढला.

"मला जुळी झालीत, दुकानही बघायचं असतं. एक पोरगी द्या मला. खाऊनपिऊन राहील. आणि दर पंधरवड्याला ट्रक येतो ना इकडं, त्याच्यावर मी पिठाचं पोतं पाठवत जाईन. पाऊस येईपर्यंत तुमची चूल विझू देणार नाही."

"मधलीला घेऊन जा," एग्वाऊ लगेच म्हणाला.

आमोदिंगनं धाकट्याला मांडीवर घेतलं. आसेकेन्येची मान खाली होती. ती सातवीत होती, परीक्षा तोंडावर आली होती. वडील आता आगुती म्हणतात, पण आत्या म्हणेल मला ऐकणारी, बोलणारी पोर हवी, हे तिला कळत होतं. आणि आकितेंग म्हणालीच, "बहिरी? दुकानात आल्यागेल्याला काय उत्तर देणार ती? थोरली द्या की."

"थोरलीची परीक्षा आहे," आमोदिंग म्हणाली.

"मग पोतं परीक्षेकडूनच मागव."

एग्वाऊ बहिणीवर आवाज चढवणार, तेवढ्यात आसेकेन्ये म्हणाली, "पापा, शाळेत करतो तसं करू. सगळ्यांनी मत टाकायचं. आगुतीनंसुद्धा."

एग्वाऊला हसू आलं. "घरात निवडणूक? कर बाई. तुझ्या आत्यालाही एक मत दे."

ऊन उतरलं होतं, झोपड्यांच्या सावल्या अंगणभर लांबल्या होत्या. आसेकेन्येनं दोन तुंबे आणले. एकावर आपला शाळेचा पट्टा बांधला, दुसऱ्यावर आगुतीच्या गळ्यातली मण्यांची माळ. प्रत्येकाच्या हातात चिंचोका दिला. सर्वांना प्रश्न माहीत होता: सोरोतीला कोण जाणार. फक्त आगुतीला सांगायचा राहिला होता. घरात तिच्याशी हातांनी बोलणारी आसेकेन्ये एकटीच. दोघी बहिणींनी लहानपणापासून आपल्यापुरती बोटांची भाषा जमवली होती. आमोदिंगला त्यातलं थोडंफार कळायचं.

आसेकेन्ये आगुतीसमोर बसली. तिनं आत्याकडं बोट केलं. मग पाठीला बाळ बांधल्यासारखे हात मागं नेले, अंग डोलावलं. मग स्वतःकडं बोट, आगुतीकडं बोट, आणि भुवया उंचावल्या.

आमोदिंगला ते स्पष्ट कळलं. ट्रक नाही, लांबचा रस्ता नाही, शहर नाही. आसेकेन्येनं विचारलं होतं, आपल्या दोघींत बाळ चांगलं कोण सांभाळतं?

आगुती हसली. यात विचारायचं काय आहे? धाकटा रडायला लागला की ऐकू येत नसूनही तिला पाठीला कळायचं. तिनं छातीवर हात ठेवला आणि चिंचोका माळेच्या तुंब्यात टाकला. आईकडं अभिमानानं पाहिलं.

आमोदिंगच्या तोंडात शब्द आला होता. थांबा, असं म्हणायचं होतं तिला. मांडीवर धाकट्याचं डोकं होतं, तापलेलं, हलकं. आसेकेन्येचे ओठ थरथरत होते; पोरीनं कधी खोटं बोलून पाहिलं नव्हतं. शाळेतल्यासारखे सगळ्यांनी डोळे मिटले, आमोदिंगनंही मिटले. तिच्यापुढं तुंबे आले तेव्हा तिनं ते उघडले आणि आपला चिंचोका माळेच्या तुंब्यात सोडला.

पट्ट्याच्या तुंब्यात एकच निघाला, आकितेंगचा.

"झालं," एग्वाऊ म्हणाला. "तिचं स्वतःचंही मत पडलंय. आता कुणी मला बोलायचं नाही."

आगुतीला वाटलं आपलं उत्तर बरोबर आलं. तिनं दोन्ही हात वर करून पानांसारखे हलवले आणि सगळे हलवतील म्हणून वाट बघत राहिली. आसेकेन्ये उठून झोपडीमागं गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. आगुतीला नवा झगा घातला होता, आत्यानं आणलेला. गोण्यांवर बसून ती खूश होती. कधी ट्रकमध्ये बसली नव्हती. तिनं धाकट्यासाठी हात पुढं केले. बाळ सांभाळायचं म्हणजे हेच बाळ, असं तिला वाटत होतं. आमोदिंगनं धाकट्याला दिलं नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा आगुतीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती उभी राहायला गेली, आकितेंगनं खांदा धरून खाली बसवलं. ट्रक धुळीत दिसेनासा होईपर्यंत ती आईकडं बघत होती. रडत नव्हती. प्रश्न नीट वाचावा तशी बघत होती.

तिसऱ्या दिवशी एदेकु मास्तर सायकल हातात धरून अंगणात आले. एग्वाऊनं त्यांना बसायला खुर्ची दिली, झालं ते सांगितलं.

"तुमच्याच पद्धतीनं ठरवलं, मास्तर. जबरदस्ती नाही. तिचाही चिंचोका होता त्यात."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते बराच वेळ सायकलची घंटी अंगठ्यानं चाचपत राहिले, न वाजवता. मग आमोदिंगकडं वळले. "तिला प्रश्न कळला होता का?"

"होता," आमोदिंग म्हणाली.

मास्तर पाणीही न पिता गेले.

पिठाची पोती येत राहिली. आकितेंगनं शब्द पाळला. कसाव्याच्या पिठाचा अतापा पुन्हा चुलीवर रटरटायला लागला, धाकट्याची मान सावरली. पहिल्या पोत्याचं जेवण आसेकेन्येनं पुढ्यात घेतलं आणि तसंच भावाकडं सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मात्र भुकेनं तिला हरवलं. ती खाली मान घालून जेवली आणि आईनं तिच्याकडं पाहिलं नाही. परीक्षा झाली. आसेकेन्ये पास झाली. एग्वाऊनं गावात सांगितलं, पण घरात त्या दिवशी काही गोड झालं नाही.

पाणथळीवर आता आमोदिंग एकटी जायची. तिचा कॅन कुणी मागं सरकवत नव्हतं. एकदा त्यातल्याच एकीनं विचारलं, "मुकी कुठं दिसत नाही?" आमोदिंग म्हणाली, "तिचं नाव आगुती आहे." हे आपण आधी कधीच का बोललो नाही, असं आमोदिंगच्या मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

मग पाऊस आला. एग्वाऊनं शेजाऱ्याचा बैल जोडीला मागून नांगर धरला, नाचणी पेरली, शेंगदाणा पेरला. रान हिरवं झालं. शेंगा भरल्या तेव्हा आमोदिंग नवऱ्याला म्हणाली, "मी आगुतीला आणायला जाते."

"आण," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला ढेकळाची सवय लागली होती. परवा उचललं आणि हातातच राहिलं."

जायच्या आधी आमोदिंग आसेकेन्येजवळ बसली. "मला तुमची भाषा शिकव. मला तिला नीट विचारायचंय."

आसेकेन्येनं तिला घर शिकवलं, शाळा शिकवली, परत येणं, राहणं, तुला काय हवंय. आमोदिंगची बोटं कुदळीनं जाड झालेली, नीट वळायची नाहीत. आसेकेन्ये तिची बोटं धरून वळवत होती. मधेच तिचे हात थांबले.

"तोतो, त्या दिवशी मी तिला प्रश्न..."

"मला माहीत आहे. मी बघत होते."

आसेकेन्ये आईकडं बघत राहिली. आपल्या एकटीच्या वाटणाऱ्या पापात दुसरं माणूस सापडावं, तशी. मग ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आमोदिंगनं तिच्या केसांतून हात फिरवला. "मी थांबवू शकले असते. तू लहान होतीस, मी नव्हते."

सोरोतीला आकितेंगचं घर दुकानाच्या मागंच होतं. आमोदिंग पोचली तेव्हा आगुती परसात कपडे पिळत होती, पाठीला एक जुळं बांधलेलं, दुसरं पायाशी. ती उंच झाली होती. हात साबणानं फुगून पांढरे पडले होते. सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं.

आमोदिंगनं हात पसरले. आगुती धावत आली नाही. तिनं हात झग्याला पुसले, आत जाऊन स्टूल आणलं, पेलाभर पाणी आणलं, पाहुण्याला देतात तसं गुडघे टेकून दिलं.

"पहिले काही दिवस रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची," आकितेंग म्हणाली. "ट्रक थांबला की पळत जायची. मग एक दिवस गेलीच नाही. वहिनी, खरं सांगू, मी हिला नको म्हणत होते. पण तुझ्या थोरलीनं हे काम इतकं चांगलं केलं नसतं."

आमोदिंगनं शेंगांचं गाठोडं सोडलं, आगुतीच्या पुढ्यात ठेवलं. मग हात वर केले. जाड बोटांनी जमेल तसं एकेक सांगितलं. पाऊस आला. शेत हिरवं आहे. शाळा आहे. घर. तू येतेस? का राहतेस? तुला काय हवंय?

आई हातांनी बोलते आहे हे पाहून आगुतीचा चेहरा क्षणभर पहिल्यासारखा झाला. ती जवळ आली, आईचं एक बोट चुकलं होतं ते धरून नीट केलं. मग तिनं स्वतःचे हात उचलले. आईकडं बोट केलं. डोळे मिटले, उघडले. चिमटीत काहीतरी धरून खाली सोडल्यासारखं केलं. मग गळ्याशी बोट फिरवलं, माळ असते तिथं. आणि भुवया उंचावल्या.

तू पण?

आमोदिंगला मान हलवून नाही म्हणता आलं असतं. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तिनं छातीवर हात ठेवला. मी पण.

आगुतीनं ते पाहिलं. रागावली नाही. तिनं वाकून पायाशी असलेल्या जुळ्याच्या तोंडातला खडा काढला. मग मान वर करून तिनं नाही म्हटलं. एकदा, हळू, आईला नीट दिसेल असं. दोन्ही तळवे जमिनीकडं दाबले. राहते.

"लहान आहे ती," आकितेंग म्हणाली. "तिला काय कळतंय? तुझी लेक आहे, दंडाला धर आणि घेऊन जा. मी दुसरी बघीन."

"नको," आमोदिंग म्हणाली.

"मग आलीस कशाला इतक्या लांब?"

आमोदिंगनं पेल्यातलं पाणी संपवलं, कारण पोरीनं दिलेलं होतं. आगुती फाटकापर्यंत आली. टॅक्सी भरायला वेळ होता. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. आमोदिंगनं तिच्या गालाला हात लावला तर तिनं तो लावू दिला. मग पाठीवरचं बाळ रडायला लागलं. रस्त्याच्या गोंगाटात आमोदिंगलाही ते ऐकू आलं नव्हतं. आगुतीच्या पाठीला कळलं. ती डोलायला लागली, वळली आणि डोलत डोलतच आत गेली.

टॅक्सी गावाच्या फाट्यावर पोचली तेव्हा शाळा सुटत होती. एदेकु मास्तर मडकी डोक्यावरून नेणाऱ्या पोरांना सावकाश चला म्हणत होते. आमोदिंग एकटीच उतरलेली पाहून ते रस्ता ओलांडून आले. तिच्या मागं, टॅक्सीच्या दाराकडं, एकदा पाहिलं.

"आली नाही?"

"नाही म्हणाली."

मास्तरांना काय विचारायचंय ते तिला कळत होतं आणि ते विचारायला त्यांना जड जात होतं.

"मास्तर, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले," आमोदिंग म्हणाली. "या वेळी मात्र तिला खरंच विचारलं."